ऑलिव्हिया डी हॅविलंड आणि सात वर्षांचा करार

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या कामगारविषयक संहितेत २८५५ क्रमांकाचे एक कलम आहे. वैयक्तिक सेवेचा करार, सेवेला प्रारंभ झाल्यापासून सात वर्षे लोटल्यानंतर, नोकराविरुद्ध अमलात आणता येणार नाही, असा त्याचा थोडक्यात आशय. कायद्याच्या पुस्तकांत असली कलमे शेकड्यांनी असतात आणि त्यांच्याकडे रसिकतेने पाहण्याचा प्रसंग सहसा कोणावर येत नाही. या कलमाच्या वाट्याला मात्र चमत्कारिक भाग्य आले. तेथील वकीलमंडळी त्याचा उल्लेख करताना अंकाबरोबरच एका नटीचे नाव घेतात. ते नाव ऑलिव्हिया डी हॅविलंड हिचे. ‘गॉन विथ द विंड’मधील शालीन, क्षमाशील मेलनी म्हणून जगाने जिला ओळखले, तीच ही. मेलनीने वकील गाठावा आणि हॉलिवुडमधील एका बलाढ्य चित्रसंस्थेला न्यायालयात खेचावे, ही कल्पना प्रथमदर्शनी विसंगत वाटते. तिच्या भूमिकांकडे जरा निरखून पाहिले की ती तितकी विसंगत राहत नाही.

ऑलिव्हियाचा जन्म १ जुलै १९१६ रोजी टोकियोत झाला. आईबाप इंग्रज, वडील तेथे एकस्वांच्या कामाची वकिली करीत, आई पूर्वाश्रमीची नटी. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधील नायिकेवरून मुलीचे नाव ठेवले गेले, यावरून घरातील वातावरणाची कल्पना यावी. पुढच्याच वर्षी धाकटी बहीण जन्मली, जी जोन फाँटेन या नावाने स्वतंत्रपणे प्रसिद्धीस आली. १९१९ मध्ये आई दोन्ही मुलींना घेऊन कॅलिफोर्नियात आली आणि साराटोगा नावाच्या लहानशा गावी स्थायिक झाली. मुलीने शिक्षिका व्हावे असे ठरत आले होते. महाविद्यालयाची शिष्यवृत्तीही मिळाली होती. इतक्यात, १९३४ मध्ये, ऑस्ट्रियन दिग्दर्शक माक्स राइनहार्ट हे ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ हे नाटक लॉस एंजेलिसच्या हॉलिवुड बाउल या भव्य खुल्या रंगमंदिरात सादर करीत होते. त्यात हर्मियाच्या भूमिकेसाठी राखीव नटीचीही राखीव म्हणून या अठरा वर्षांच्या मुलीची निवड झाली. पुढच्या दोघी एकामागून एक दूर झाल्या आणि भूमिका हिच्याकडे आली. त्याच नाटकाचा चित्रपट वॉर्नर ब्रदर्स या संस्थेने काढला आणि मुलगी आठवड्याला दोनशे डॉलरच्या करारावर तेथे नोकरीस राहिली.

‘नोकरीस राहिली’ हा शब्दप्रयोग येथे अक्षरशः घ्यावयाचा आहे. त्या काळचे हॉलिवुड म्हणजे मोठमोठ्या कारखान्यांची वसाहत होती. लेखक, दिग्दर्शक, सुतार, रंगारी यांच्याप्रमाणे नटनटीही पगारी असत. करार बहुधा सात वर्षांचा. पण तो सात वर्षे बांधी तो केवळ एका बाजूला. दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने नटाला ठेवावे की काढावे हे संस्थेने ठरवावयाचे. सोडून जाण्याची मुभा नटाला नाही. कोणती भूमिका करावयाची हेही संस्था ठरवी. दुसऱ्या संस्थेला नट हवा असेल तर तो उसना दिला जाई आणि त्याच्यासाठी जादा रक्कम मिळाली तर ती मूळ संस्थेच्या खजिन्यात जमा होई. नटाने एखादी भूमिका नाकारली तर त्याचे निलंबन. आपल्याकडे निलंबित कारकुनालाही निर्वाहभत्ता मिळतो. तेथे तोही नव्हता. त्याहून जाचक तरतूद पुढेच होती. निलंबनाचे जेवढे आठवडे, तेवढे करारमुदतीच्या शेवटी जोडले जात. म्हणजे सात वर्षांच्या करारात कोणी दोन वर्षे नकार देत राहिला, तर त्याची सुटका नवव्या वर्षी. आणि त्या जोडलेल्या काळात पुन्हा नकार दिला तर? तर ती मुदत आणखी लांबावयाची. शिक्षा आणि शिक्षेची मुदत या दोन्ही गोष्टी एकाच पक्षाच्या हाती होत्या.

या व्यवस्थेत ऑलिव्हियाची पहिली काही वर्षे, बाहेरून पाहणाऱ्याला, वैभवाची गेली. १९३५ च्या ‘कॅप्टन ब्लड’मध्ये एरॉल फ्लिन या तेव्हाच्या अपरिचित तरुणाबरोबर तिची जोडी जमली आणि १९४१ पर्यंत दोघांचे आठ चित्रपट झाले. त्यांतला ‘दि ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ (१९३८) आजही पाहावा. त्यातील तिची मेरियन सुरुवातीला ताठ नॉर्मन सरदारकन्या आहे आणि रॉबिनच्या माणसांचे हाल डोळ्यांनी पाहिल्यावर तिच्या नजरेत जो बदल होतो, तो संवादावाचून कळतो. परंतु असे क्षण थोडे. बाकी बहुतेक ठिकाणी नायकाने तलवार फिरवावी, घोडा उधळावा आणि नायिकेने सज्जात उभे राहून काळजी करावी, एवढेच तिच्या वाट्याला येई. हे काम तिने निष्ठेने केले. पण आपल्याकडून याहून अधिक काही होऊ शकते ही जाणीव तिला लवकरच अस्वस्थ करू लागली.

याच सुमारास डेव्हिड सेल्झनिक ‘गॉन विथ द विंड’ची जुळवाजुळव करीत होते. साऱ्या अमेरिकेतील नटी स्कार्लेटच्या भूमिकेसाठी धडपडत असता ऑलिव्हियाला हवी होती मेलनी. वॉर्नर ब्रदर्सचे सर्वाधिकारी जॅक वॉर्नर तिला उसनी देण्यास राजी नव्हते. तिने मालकाशी वाद घातला नाही. ती त्यांच्या पत्नीला, ॲन वॉर्नर यांना, भेटली, आपले म्हणणे त्यांना पटवून दिले आणि परवानगी आली. चित्रण चालू असता दिग्दर्शक जॉर्ज क्युकर यांना बदलून व्हिक्टर फ्लेमिंग यांना आणण्यात आले, तेव्हा आपली भूमिका बिघडू नये म्हणून ती क्युकर यांच्या घरी गुपचूप जाऊन मार्गदर्शन घेत राहिली. स्कार्लेट झालेली व्हिव्हियन ली हीही तेच करीत होती, हे दोघींना पुढे कळले.

मेलनी ही भूमिका फसवी आहे. निव्वळ चांगुलपणा पडद्यावर दाखवणे फार कठीण. तो पाहता पाहता बावळट किंवा दांभिक दिसू लागतो. ऑलिव्हियाने त्याला शक्तीचे अधिष्ठान दिले. घरात शिरलेला उत्तरेकडील सैनिक स्कार्लेटच्या गोळीने मरून पडतो, तेव्हा आजारातून उठलेली मेलनी अंगावरच्या साध्या वस्त्रानिशी, हातात पेलत नाही अशी तलवार ओढत जिन्यावर येते. प्रेत पाहून ती किंचाळत नाही. घरच्यांनी घाबरू नये म्हणून ती खिडकीतून हसत थाप मारते आणि लगेच त्या सैनिकाच्या पिशवीत काय आहे ते पाहावे असे सुचवते. मृदू बोलणाऱ्या माणसाच्या मनाचा पोलादी गाभा त्या एका प्रसंगात दिसतो. ऑस्करसाठी तिचे नामांकन झाले. पारितोषिक मिळाले ते त्याच चित्रपटातील हॅटी मॅकडॅनिएल यांना. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावती.

एवढ्या यशानंतर ऑलिव्हिया आपल्या संस्थेत परतली आणि बेटी डेव्हिस नायिका असलेल्या ‘दि प्रायव्हेट लाइव्ह्ज ऑफ एलिझाबेथ अँड एसेक्स’मध्ये एका दुय्यम भूमिकेत उभी केली गेली. तेथून तिने संहिता परत पाठवण्यास आरंभ केला आणि निलंबनाचे आठवडे साचू लागले. १९४१ मध्ये तिला पॅरामाउंट संस्थेकडे उसनी देण्यात आले. तेथे ‘होल्ड बॅक द डॉन’मध्ये तिने रंगवलेल्या भोळ्या शिक्षिकेमुळे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीसाठी तिचे नामांकन झाले. (त्या वर्षी पारितोषिक धाकट्या बहिणीला मिळाले. दोघी बहिणींच्या वैमनस्यावर वृत्तपत्रांनी पुढे सत्तर वर्षे शाई खर्च केली. येथे ती खर्च करण्याचे प्रयोजन नाही.) ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, तोपर्यंतची तिची दोन्ही नामांकने परक्या संस्थांच्या चित्रपटांसाठी होती. जी संस्था तिला पगार देत होती तिला तिचा उपयोग कळला नव्हता.

५ मे १९३६ पासून सुरू झालेल्या तिच्या नव्या कराराची सात वर्षे ५ मे १९४३ रोजी पूर्ण झाली. संस्थेने कळवले की निलंबनाचे आठवडे जोडता अजून जवळजवळ सहा महिने सेवा शिल्लक आहे. सहा महिने हा काळ मोठा नव्हे. ते मुकाट्याने काढून मोकळे व्हावे, असा सल्ला कोणत्याही हितचिंतकाने दिला असता.

तसा सल्ला देण्यास सबळ कारणही होते. १९३६ मध्ये बेटी डेव्हिस हिने याच संस्थेविरुद्ध बंड केले होते. मिळणाऱ्या भूमिकांना कंटाळून ती इंग्लंडला गेली आणि तेथील एका निर्मात्याचा चित्रपट करण्यास तयार झाली. संस्थेने लंडनच्या न्यायालयात धाव घेतली. न्यायमूर्ती ब्रॅन्सन यांनी असा निर्णय दिला की, तिला वॉर्नर ब्रदर्सचे काम करण्यास भाग पाडता येणार नाही, पण करारकाळात इतर कोणाचे चित्रपट करण्यास मनाई करता येईल. बेटी हरली आणि परत गेली. या निकालाचे पडसाद दूरवर उमटले. १९६७ मध्ये कल्याणच्या एका कारखान्यातील पर्यवेक्षकाने पाच वर्षांचा करार मध्येच सोडून प्रतिस्पर्धी कारखान्यात नोकरी धरली, तेव्हा त्याच्याविरुद्धची मनाई कायम करताना भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ज्या इंग्रजी निर्णयांचा विचार केला त्यांत बेटी डेव्हिसचा हा खटलाही होता. हॉलिवुडच्या नटीची हार कल्याणच्या कामगारापर्यंत पोचावी, असे कायद्याचे प्रवास असतात.

कलावंत आणि करार यांचा झगडा त्या दशकात पुण्यालाही अपरिचित नव्हता. ‘कुंकू’मधील नीरेच्या भूमिकेने महाराष्ट्राला हलवून सोडणाऱ्या शांता आपटे यांनी १९३९ साली कराराच्याच वादावरून प्रभात कंपनीच्या दारात उपोषण केले होते आणि पुढच्या वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ या पुस्तकात या व्यवसायाचे अंतरंग उघड केले होते. त्यांच्यापाशी उपोषणाचे शस्त्र होते. ऑलिव्हियाला सापडले ते कायद्याचे कलम.

ते दाखवून दिले मार्टिन गँग या वकिलांनी. कलम नवे नव्हते. १८७२ पासून ते या ना त्या रूपात कॅलिफोर्नियाच्या कायद्यात होते. आरंभी मर्यादा दोन वर्षांची, मग पाच, आणि १९३१ पासून सात वर्षांची. प्रश्न एवढाच होता की, ‘सात वर्षे’ म्हणजे कोणती? संस्थेचे म्हणणे, प्रत्यक्ष सेवेची सात वर्षे. निलंबनात सेवाच झाली नाही, तेव्हा तो काळ मोजावयाचा नाही. नटीचे म्हणणे, भिंतीवरच्या दिनदर्शिकेची सात वर्षे. २३ ऑगस्ट १९४३ रोजी तिने दावा लावला. तेव्हा तिचे वय सत्तावीस होते. दावा हरली असती तर तिला वॉर्नरांच्याच दारी परत जावे लागले असते, आणि जिंकली असती तरी तिला कोणी काम देईल याची शाश्वती नव्हती.

उलटतपासणीत संस्थेच्या वकिलांनी तिला चिडवण्याचा प्रयत्न केला. अमुक भूमिका तू नाकारलीस हे खरे ना, असे दरडावून विचारल्यावर, आपण नाकारली नाही, केवळ घेण्यास असमर्थता दर्शवली, असे उत्तर तिने दिल्याचे ती पुढे सांगत असे. सरकारी पत्रव्यवहाराशी ज्यांचा परिचय आहे त्यांना या दोहोंमधील अंतर समजावून सांगण्याची गरज नाही. खालच्या न्यायालयात निकाल तिच्या बाजूने लागला. संस्थेने अपील केले. दरम्यान जॅक वॉर्नर यांनी इतर चित्रसंस्थांना पत्रे आणि तारा पाठवून कळवले की हिला कामावर घेऊ नये. कोणीही घेतले नाही.

ज्या काळात नटीचा चेहरा पडद्यावरून दोन वर्षे नाहीसा होणे म्हणजे व्यावसायिक मृत्यू समजला जाई, त्या काळात ती काय करीत होती? जग महायुद्धात होते. ती सैनिकांच्या रुग्णालयांतून फिरत होती. अलास्का, अल्यूशन बेटे, दक्षिण पॅसिफिक. खाटेवरच्या जखमी पोरांशी बोलावे, त्यांच्या गावाकडच्या गोष्टी ऐकाव्यात, हे तिचे काम. फिजी बेटात तिला न्यूमोनिया झाला आणि ती स्वतःच रुग्णालयात पडली.

८ डिसेंबर १९४४ रोजी अपील न्यायालयाने निर्णय दिला: सात वर्षे म्हणजे दिनदर्शिकेची सात वर्षे. मालकाने मुदत लांबवण्याची तरतूद करारात घातली आणि नोकराने तीवर सही केली, म्हणून कायद्याचे संरक्षण नष्ट होत नाही. कारण ते संरक्षण सार्वजनिक हितासाठी दिलेले आहे, ते खाजगी करारातून सोडून देता येत नाही. सात वर्षांनंतर माणसाला आपल्या श्रमाचे नवे मोल ठरवता आले पाहिजे, अशी त्यामागील भूमिका. पुढच्या फेब्रुवारीत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला आणि निर्णय कायम झाला. हा निर्णय एकटीपुरता राहिला नाही. साऱ्या हॉलिवुडमधील निलंबनाची ही युक्ती निकामी झाली. मोठ्या संस्थांची सत्ता पुढे ढासळली तिला इतरही कारणे होती; १९४८ चा चित्रगृहांच्या मालकीविषयीचा निकाल आणि दूरचित्रवाणी ही त्यांतली प्रमुख. पण पहिला चिरा निखळला तो येथे.

स्वातंत्र्य मिळाल्यावर माणूस त्याचे काय करतो, हा खरा कुतूहलाचा विषय. पॅरामाउंटने तिला ‘टू ईच हिज ओन’ (१९४६) दिला आणि दिग्दर्शक म्हणून मिचेल लायसन यांना बोलावण्याचा आग्रह तिने धरला. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या वैमानिकापासून झालेले मूल दुसऱ्याच्या घरात वाढताना दूरून पाहणारी अविवाहित माता, अशी ही भूमिका. कथा उघडउघड अश्रू काढणारी आहे, हे मान्य केले पाहिजे. पण गावातल्या हसऱ्या मुलीपासून लंडनच्या बाँबवर्षावात पहारा करणाऱ्या रुक्ष, मध्यमवयीन स्त्रीपर्यंतचा प्रवास तिने आवाजाची पट्टी, चालण्यातील जडपणा आणि ओठांची मिटण यांतून असा साधला की, ते अश्रू फुकटचे वाटत नाहीत. तिला पहिले ऑस्कर मिळाले.

‘द स्नेक पिट’ (१९४८) हा त्याहून धाडसी. मनोरुग्णालयातील एका तरुण लेखिकेची ही कथा. आपण कोठे आहोत, समोरचा माणूस कोण, हे तिला कळेनासे झाले आहे. दिग्दर्शक आनातोल लितवाक यांच्यासह ऑलिव्हियाने मनोरुग्णालयांना भेटी दिल्या, रुग्णांचे वागणे आणि उपचार पाहिले. पडद्यावर ती रंगभूषेवाचून, विस्कटलेल्या केसांनी वावरते. वेड दाखवायचे म्हणजे डोळे गरगरा फिरवावयाचे, हा पडद्यावरचा जुना संकेत. तिने तो टाकून दिला. तिची व्हर्जिनिया भ्रमिष्ट आहे तशीच विनोदी आणि चौकसही आहे, आणि म्हणूनच तिच्यावर होणारे विजेचे झटके पाहणाऱ्याला सहन होत नाहीत. सज्जातील नायिकेचे काम जिला वर्षानुवर्षे दिले गेले, तिने हे केले.

आणि ‘दि एअरेस’ (१९४९). हेन्री जेम्स यांच्या ‘वॉशिंग्टन स्क्वेअर’ या कादंबरीवर बेतलेले नाटक तिने न्यूयॉर्कमध्ये पाहिले आणि विल्यम वायलर यांना त्याचा चित्रपट करण्याविषयी स्वतः सुचवले. सात वर्षे मिळेल ती भूमिका करणाऱ्या नटीने स्वतः संहिता निवडावी, दिग्दर्शक गाठावा, हा बदल लहान नव्हे. कॅथरीन स्लोपर ही श्रीमंत डॉक्टराची लाजरी, बेडौल, वडिलांच्या उपहासाखाली दबलेली मुलगी. मॉरिस नावाचा देखणा तरुण तिला मागणी घालतो. तो संपत्तीसाठी आला आहे असे वडील म्हणतात. पळून जाण्याच्या रात्री ती सामान बांधून वाट पाहत बसते आणि तो येत नाही. पहाटे ती पेटी घेऊन जिना चढू लागते. ते थकणे वायलर यांना हवे तसे मिळेना, तेव्हा त्यांनी रिकामी पेटी जड पुस्तकांनी भरवली असे सांगतात. पडद्यावर तिचे प्रत्येक पाऊल एकेका वर्षाएवढे जड पडते. त्यानंतर तिचा आवाज खाली उतरतो आणि पुन्हा वर येत नाही. शेवटी, कित्येक वर्षांनी परतलेला मॉरिस बंद दारावर हात आपटत असता कॅथरीन भरतकामाचा शेवटचा धागा कापून झाल्यावर हातात दिवा घेऊन तोच जिना शांतपणे चढते. तिच्या चेहऱ्यावर विजय आहे की विध्वंस, हे पाहणाऱ्याने ठरवावे. दुसरे ऑस्कर याच भूमिकेसाठी मिळाले.

यानंतरच्या तिच्या चित्रपटांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. १९५० नंतर ती पॅरिसला राहावयास गेली, भूमिका विरळ झाल्या, त्यांतल्या काही सामान्य होत्या. १९६४ च्या ‘हश... हश, स्वीट शार्लट’मध्ये तिच्यासमोर बेटी डेव्हिस होती: वॉर्नरांशी भांडून हरलेली आणि वॉर्नरांशी भांडून जिंकलेली, अशा दोघी एका चौकटीत. १९६५ मध्ये ती कानच्या चित्रपट महोत्सवात परीक्षकमंडळाची अध्यक्ष झाली. तो मान मिळालेली ती पहिली स्त्री.

कलम मात्र निवृत्त झाले नाही. २००८ मध्ये तीस दशलक्ष डॉलरच्या दाव्याला तोंड देणाऱ्या थर्टी सेकंड्स टू मार्स या वाद्यवृंदाने त्याचाच आधार घेतला. स्वतः ऑलिव्हियाही न्यायालयाची पायरी विसरली नाही. २०१७ मध्ये एका दूरचित्रवाणी मालिकेत आपले पात्र परवानगीवाचून आणि विपर्यस्त रीतीने रंगवले गेले, असे म्हणून तिने दावा दाखल केला, तो आपल्या एकशेएकाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. २०१८ च्या मार्चमध्ये निकाल तिच्याविरुद्ध गेला. निर्मात्यांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य मोठे ठरले. निकाल देणारे अपील न्यायालय तेच होते, ज्याने १९४४ मध्ये तिला मुक्त केले होते. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेण्याचा तिचा प्रयत्न २०१९ च्या जानेवारीत संपला. २६ जुलै २०२० रोजी, वयाच्या एकशे चाराव्या वर्षी, ती पॅरिसमधील राहत्या घरी झोपेत वारली.